दगड कीं जीवाश्म?

(नभोवाणीवरील भाषण)

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं जमिनीला शहाबादी फरशी असेल. निदान वाडवडिलांच्या घरीं तरी ती होती, हें आठवत असेल. त्या फरशीच्या एखाद्या तुकड्यावर, कडेच्या बाजूस, काळसर रंगाची एक नाजूक आकृति कधीं कधीं दिसते. मधोमध देठ असावा, त्याला फांद्या फुटाव्या, फांद्यांना पुन्हां बारीक फांद्या फुटाव्या, अशी. पाहणारा सहज म्हणतो, 'अहो, नेच्याचें पान दगडांत अडकलें आहे!' मीहि एकदां असेंच म्हणालों होतों. आणि नुसता म्हणालों नाहीं, तर चाळीस मुलांच्या देखत, हातांत खडू घेऊन म्हणालों. त्या प्रसंगाची हकीकत मी शेवटीं सांगणार आहें. मी कांहीं भूगर्भशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करलेला आणि आतां निवृत्त झालेला मनुष्य आहें. पण त्या एका तुकड्यामुळें दगड आणि जीवाश्म यांच्या ओळखीचा इतिहास वाचण्याचा मला नाद लागला, आणि त्यांतून जें हातीं आलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

जीवाश्म म्हणजे काय, हें प्रथम स्पष्ट केलें पाहिजे. प्राचीन काळीं जगलेला एखादा प्राणी किंवा वनस्पति गाळांत पुरली जाते. तिचा कुजणारा भाग नाहींसा होतो, कठीण भाग राहतो. त्याच्या रंध्रांत पाण्याबरोबर आलेलीं खनिजें भरतात आणि कालांतरानें त्या गाळाचाच खडक बनतो. कधीं प्रत्यक्ष हाड किंवा शिंपला उरतो, कधीं त्याचा नुसता ठसा, कधीं पावलाची खूण. तेव्हां दगड आणि जीवाश्म यांतील भेद द्रव्याचा नाहीं. बहुतेक जीवाश्महि दगडच असतात. भेद आहे तो पूर्ववृत्ताचा. एक दगड निर्जीव सृष्टीच्या नियमांनीं घडला, दुसऱ्यानें एका जिवाचा आकार सांभाळला. म्हणून हा प्रश्न मुळांत इतिहासाचा आहे. आणि इतिहासाच्या इतर प्रश्नांप्रमाणें तो पुराव्यावर सुटतो, डोळ्यांस काय भासतें त्यावर नव्हे.

आज ही गोष्ट सोपी वाटते. पण माणसाला ती उमगण्यास फार काळ लागला. युरोपांत 'फॉसिल' या शब्दाचा मूळ अर्थ एवढाच कीं, जमिनींतून खणून काढलेली वस्तु. त्यांत रत्नें, धातूंचे खडे आणि शंखशिंपले हे सर्व एकाच पंक्तीस बसत. डोंगरावर शिंपला सांपडला तर तो समुद्रांतील प्राण्याचा असेल, असें सर्वांस वाटत नसे. पृथ्वीच्या पोटांत कांहीं घडविणारी शक्ति आहे आणि ती खेळ म्हणून प्राण्यांच्या आकाराचे दगड निर्माण करते, असें मानणारे मोठमोठे पंडित होते.

माल्टा बेटावर त्या काळीं त्रिकोणी, गुळगुळीत व टोकदार दगड सांपडत. त्यांस 'जिव्हाशिला' म्हणत. कोणी त्या आकाशांतून पडतात म्हणे, कोणी त्या सर्पांच्या जिभा आहेत म्हणे. विषावर उतारा म्हणून त्यांची विक्रीहि होई. १६६६ सालीं इटलींत लिव्होर्नो बंदराजवळ कोळ्यांनीं एक प्रचंड मुशी पकडली. टस्कनीच्या राजानें तिचें डोकें फ्लॉरेन्स येथें निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे तपासावयास पाठविलें. स्टेनोनें जबडा उघडून पाहिला, तों त्या जिव्हाशिला आणि मुशीचे दांत यांत त्याला विलक्षण साम्य दिसलें. त्याच्या आधींहि एकदोघांनीं असें म्हटलें होतें. पण स्टेनो साम्यावर थांबला नाहीं. घट्ट खडकांत हा दांत शिरला कसा, असा त्यानें पुढला प्रश्न विचारला. दांत खडकांत वाढता तर खडकाला तडे गेले असते. तसे तडे नव्हते; उलट खडकच दांताच्या भोंवतीं बेतानें बसला होता. म्हणजे दांत आधींचा आणि खडक नंतरचा. खडक एके काळीं मऊ गाळ होता, थरावर थर साचून तो घट्ट झाला, हा विचार त्यांतून पुढें आला. १६६७ व १६६९ सालीं स्टेनोनें हें लिहून ठेवलें, आणि भूगर्भशास्त्राचा एक पाया तेथें घातला गेला.

परंतु एकानें दिवा लावला म्हणून सर्व घर उजळत नाहीं. स्टेनोनंतर साठ वर्षांनीं, १७२५ सालीं, जर्मनींतील वूर्ट्सबुर्ग या गांवीं जें घडलें तें पाहिलें म्हणजे हें पटतें. योहान बेरिंगर हा तेथील विद्यापीठांतील वैद्यकाचा प्राध्यापक, तेथील राजधर्मगुरूचा खासगी वैद्य, आणि चमत्कारिक दगड जमविण्याचा शौकीन. त्या वर्षींच्या मे महिन्याच्या अखेरीस तीन मुलांनीं जवळच्या टेकडीवरून त्याला कांहीं दगड आणून दिले. एकावर सूर्याची आकृति होती, इतरांवर किड्यांसारख्या आकृति. बेरिंगर हरखून गेला. त्यानें मुलांस पैसे देऊन आणखी दगड आणविले, आणि अर्ध्या वर्षांत त्याच्याकडे सुमारें दोन हजार दगडांचा संग्रह झाला.

त्या दगडांवर काय नव्हतें? पाली होत्या, बेडूक होते, फुलांवर बसलेल्या मधमाश्या होत्या, जाळ्यांत बसलेले कोळी होते. चंद्र, तारे, शेपटीचे धूमकेतु होते. इतकेंच नव्हे, तर हिब्रू लिपींत परमेश्वराचें नांवहि होतें! धूमकेतु गाळांत कसा पुरला जाईल आणि कोळ्याच्या जाळ्याचा एकेक धागा मातीच्या दडपणाखालीं कसा टिकेल, असा प्रश्न आज शाळेंतील मूलहि विचारील. पण बेरिंगरच्या काळीं हे आकार कशानें होतात याचाच निर्णय लागला नव्हता, हें त्याला न्याय देतांना लक्षांत ठेवलें पाहिजे. सृष्टीच्या खेळानें शिंपला बनत असेल, तर तारा कां बनूं नये?

त्याचा दोष दुसरीकडे होता. कांहीं दगडांवर सुरीच्या खुणा आहेत, हें त्यानें स्वतः पाहिलें होतें. एखाद्या कुशल कारागिरानें हे कोरले असावे असें कोणास वाटेल, असें त्यानें आपल्या ग्रंथांतच नमूद केलें आहे. गांवांत तशी कुजबूजहि सुरू झाली होती. एवढें असूनहि त्यानें खुणा हें सृष्टीच्या कौशल्याचें लक्षण ठरविलें आणि कुजबूज हें मत्सराचें. १७२६ सालीं एकवीस चित्रपटांचा ग्रंथ लॅटिन भाषेंत छापून त्यानें आपला शोध जगापुढें मांडला.

लौकरच सर्व उघडकीस आलें. बेरिंगरनेंच दाद मागितल्यावरून त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत चौकशी झाली. तींत मुलांच्या जबान्या झाल्या आणि नांवें निघालीं तीं दोन विद्वानांचीं. एक भूगोल व बीजगणित यांचा प्राध्यापक रॉडरिक, आणि दुसरा राजदरबारचा ग्रंथपाल एकहार्ट. बेरिंगर फार गर्विष्ठ आहे आणि सर्वांस तुच्छ लेखतो, त्याची खोड मोडावी, हा त्यांचा हेतु होता. लोक मागाहून अशी कथा सांगूं लागले कीं, शेवटच्या दगडावर बेरिंगरला स्वतःचेंच नांव कोरलेलें आढळलें, आपल्या ग्रंथाच्या प्रती विकत घेण्यांत तो भिकेस लागला आणि त्याच दुःखानें मेला. कथा रंगतदार आहे, पण खरी नाहीं. चौकशीचीं कागदपत्रें विसाव्या शतकांत प्रसिद्ध झालीं, त्यांत असें कांहीं नाहीं. बेरिंगर त्यानंतर दहांहून अधिक वर्षें जगला आणि आणखी लेखनहि केलें. ते 'लबाड दगड' मात्र आजहि युरोपांतील संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत.

याच १७२६ सालीं स्वित्झर्लंडांतील शॉइख्ट्सर या विद्वानानें एक सांगाडा प्रसिद्ध केला. हा तर अस्सल जीवाश्म होता, लबाडीचा त्यांत लेशहि नव्हता. पण शॉइख्ट्सरला बायबलांतील जलप्रलयाचा पुरावा हवा होता; म्हणून त्यानें तो प्रलयांत बुडालेल्या माणसाचा सांगाडा ठरविला. पुढें १८११ सालीं फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए यानें हॉलंडमधील हार्लेम येथें तो दगड हलक्या हातानें कोरून आंतले पुढचे पाय मोकळे केले, तों निघाला तो एक प्रचंड सॅलॅमँडर, म्हणजे सरड्याच्या आकाराचा, पण बेडकाच्या वर्गांतला प्राणी. तेव्हां जीवाश्म खरा असून भागत नाहीं. तो कोणाचा हें सांगतांना आपली इच्छा मध्यें येते.

एकोणिसाव्या शतकांत सूक्ष्मदर्शक यंत्र हातीं आलें, म्हणून चुका थांबल्या असें मात्र नाहीं. कॅनडांतील अतिप्राचीन खडकांत हिरव्या व पांढऱ्या खनिजांचे लहरीसारखे थर सांपडले. डॉसन या नामांकित भूगर्भशास्त्रज्ञानें १८६५ सालीं ते एका कवचधारी प्राण्याचे अवशेष म्हणून जाहीर केले आणि त्यास 'एओझून', म्हणजे जीवसृष्टीच्या पहाटेचा प्राणी, असें नांव दिलें. आयर्लंडमधील किंग व रौनी या दोन प्राध्यापकांनीं लगेच हरकत घेतली कीं, हे थर केवळ खनिजांच्या क्रियेनें होऊं शकतात. वाद तीस वर्षें चालला. १८९४ सालीं इटलींत व्हेसुव्हियस ज्वालामुखीनें बाहेर फेकलेल्या चुनखडीच्या तुकड्यांत नेमके तसेच थर आढळले. ज्वालामुखीच्या भट्टींत भाजून निघालेल्या दगडांत जर तोच आकार बनतो, तर तो बनण्यास प्राण्याची जरुरी नाहीं, हें उघड झालें. डॉसन १८९९ सालीं मरण पावला, पण त्यानें आपलें मत सोडलें नाहीं. या वादांतून निघालेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. 'हें जीवाश्मासारखें दिसतें काय?' असें विचारून पुरत नाहीं. 'जिवावांचून हें बनूं शकतें काय?' असें विचारावें लागतें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या कातळावर वसला आहे तो ज्वालामुखीच्या तप्त रसाचा, सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा. तप्त रसांत पान किंवा हाड टिकणें शक्य नाहीं. म्हणून सह्याद्रीच्या साध्या काळ्या दगडांत जीवाश्म शोधणें बहुधा व्यर्थ असतें. पण हा रस एकदम वाहिला नाहीं. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळांत जमिनीवर तळीं साचत, त्यांत गाळ बसे, जीव राहत. आणि मग पुढला लोट येऊन तें सारें झांकून टाकी. कातळाच्या दोन थरांमधील अशा पातळ गाळांत आपला खजिना आहे.

मुंबईकरांस याचा दाखला घराजवळच मिळतो. वरळीच्या बाजूस अशा गाळाच्या खडकांत लहानखुऱ्या बेडकांचे सांगाडे सांपडले; रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४७ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. ज्या ठिकाणीं आज मोटारींची रांग संपत नाहीं, तेथें एके काळीं गोड्या पाण्यांत बेडूक ओरडत होते. नागपूरकडे हें काम स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यानें केलें. १८५१ सालीं त्यानें व त्याचा सहकारी हंटर यानें नागपूरजवळ टाकळी येथें अशा थरांतून शंख, बिया, फळें जमविण्यास सुरुवात केली, आणि १८५५ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकांत नागपूर परिसराच्या भूस्तरांवर निबंध प्रसिद्ध केला. १८६३ सालीं टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परत येतांना तो पुराच्या पाण्यांत बुडून मरण पावला. नागपूरचें हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नांवाचें.

चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्याजवळ पिसदुरा नांवाचें खेडें आहे. तेथील शेतांत डायनोसॉरांच्या हाडांबरोबर ओबडधोबड गोळे सांपडतात. रूप असें कीं, कोणीहि पायानें उडवून द्यावे. हे गोळे म्हणजे त्या प्राण्यांची अश्मीभूत विष्ठा होय. १९३९ सालीं मॅटले यानें त्यांचें वर्णन केलें. पुढें २००५ सालीं वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉम्बर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी या शास्त्रज्ञांनीं त्या गोळ्यांचा अंश विरघळवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. गवताच्या पात्यानें बोट कापतें हें आपण अनुभवलें असेल. पात्यांत वाळूच्याच द्रव्याचे अतिसूक्ष्म कण असतात, आणि गवताच्या प्रकाराप्रमाणें त्यांचे आकार ठरलेले असतात. ते कण पिसदुऱ्याच्या गोळ्यांत सांपडले, आणि तेहि निदान पांच प्रकारच्या गवतांचे. डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरच गवतें पृथ्वीवर पसरलीं, असें तोंवर सामान्यतः मानीत. विदर्भांतील त्या कुरूप गोळ्यांनीं ती समजूत बदलली. शहाबादीवरील सुंदर 'नेचा' कांहींच नव्हे, आणि शेतांतला हा गोळा म्हणजे एक पानच, इतिहासाच्या पोथीचें! रूपावर जाणाऱ्यानें दोन्हीकडे फसावें, अशी ही योजना आहे.

आणि आजहि मोठमोठे जाणकार फसतात. मध्यप्रदेशांतील भीमबेटका आपणांस ठाऊक आहे. उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर यांनीं १९५७ सालीं तेथील चित्रमय शैलाश्रय जगापुढें आणले. त्यांपैकीं एका मोठ्या गुहेंत, माणसाचा हात पोंचणार नाहीं इतक्या उंचीवर, २०२० सालीं कांहीं भूगर्भशास्त्रज्ञांना सुमारें दीड फूट लांबीची, पानासारखी, मधल्या रेषेपासून दोहों बाजूंस पट्टे गेलेली आकृति दिसली. ती 'डिकिन्सोनिया' या सुमारें पंचावन्न कोटि वर्षांपूर्वींच्या प्राण्याची असावी, असें त्यांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलें. आस्ट्रेलियांत सांपडलेला हा प्राणी पृथ्वीवरील अतिप्राचीन प्राण्यांपैकीं एक. तो भारतांत सांपडला ही बातमी सर्वत्र गाजली. तिच्यावरून त्या खडकांचें वय ठरविण्यापर्यंत मजल गेली.

पुढें अमेरिकेंतील जोसेफ मीर्ट आणि त्यांचे सहकारी स्वतः तेथें गेले. जवळून पाहतां ती आकृति खडकांत नव्हती, खडकावर होती. तिचे पापुद्रे सुटून येत होते, तींत मेणाचा अंश होता, आणि त्याच परिसरांत आग्या मोहोळांचीं ताजीं पोळीं लटकत होतीं. पंचावन्न कोटि वर्षांपूर्वींचा प्राणी म्हणजे एक जुनें, झडलेलें पोळें निघालें! २०२३ सालीं हें प्रसिद्ध झालें. पण या हकीकतीचा शेवट डॉसनसारखा झाला नाहीं. मूळ शोधाचे मुख्य लेखक ग्रेगरी रेटॅलॅक यांनीं नवा पुरावा पाहून आपली चूक उघडपणें मान्य केली. बेरिंगरपासून रेटॅलॅकपर्यंत तीनशें वर्षांत आपण काय शिकलों असें कोणीं विचारलें, तर मी हेंच दाखवीन. डोळे तेव्हांहि फसत, आजहि फसतात. पण फसलों असें म्हणण्याची रीत मध्यंतरीं पडली.

आतां कोणी विचारील, आम्हां सामान्य माणसांनीं दगड हातीं आला तर काय पाहावें? पहिली गोष्ट, तो कोठला, हें पाहावें. काळ्या कातळाचा असेल तर आशा थोडी; थराथरांच्या गाळाच्या खडकाचा असेल तर थोडी अधिक. जागा न सांगतां आलेल्या दगडाचें निम्मे मोल गेलेलेंच असतें. दुसरी गोष्ट, त्याची रचना पाहावी. सजीवाच्या रचनेंत ठराविक अंतरानें तेंच तें येत असतें. आपल्या देवघरांतील शाळिग्राम पाहा. गंडकीच्या पात्रांतील त्या काळ्या दगडांत जें चक्र दिसतें, तें अॅमोनाइट नांवाच्या सागरी प्राण्याच्या शंखाचें असतें. त्याचे वेढे आणि वेढ्यांवरील कंगोरे एका प्रमाणांत वाढत गेलेले दिसतात. भक्तानें त्यांत विष्णूचें चक्र पाहावें, शास्त्रज्ञानें हिमालयाच्या जागीं असलेला समुद्र पाहावा. दोघांनींहि दगड फोडूं नये, एवढीच माझी विनंति.

तिसरी गोष्ट, आंत आणि बाहेर सारखेंच आहे काय, हें पाहावें. गुजरातेंत बालासिनोरजवळ डायनोसॉरांचीं खरीं अंडीं सांपडलीं आहेत. म्हणून अनेकांस प्रत्येक वाटोळा धोंडा अंडें वाटतो. आपल्याकडील कातळ उन्हापावसानें झिजतांना कांद्यासारखे पापुद्रे सोडतो आणि मध्यें गोल गाभा राहतो. असा धोंडा गाभ्यापर्यंत एकच दगड असतो. अंड्याला मात्र वेगळ्या घडणीचें पातळ कवच असतें आणि त्यांत श्वसनाचीं बारीक छिद्रें असतात. हाडाचेंहि तसेंच, भिंगांतून पाहिलें तर त्याची जाळीदार घडण ओळखूं येते. आणि जो दगड फारच सुबक असेल, त्याची अधिक चौकशी करावी. मोरोक्कोमधून जगभर विकल्या जाणाऱ्या जीवाश्मांत कोरीव नकला पुष्कळ निघतात. बेरिंगरला दगड पुरविणाऱ्या मुलांचा वंश अजून खुंटलेला नाहीं.

राहिला आपल्या फरशीवरचा नेचा. फरशीच्या चिरेंत पाणी मुरतें. त्यांत मँगेनीज व लोह यांचे अंश विरघळलेले असतात. ते चिरेच्या कडेपासून आंत पसरत जातात आणि थंडीच्या दिवसांत कांचेवर हिम जमावें तसे फांद्याफांद्यांनीं जमतात. भिंग घेऊन पाहिलें तर पानाची शीर नाहीं, देठाची जाडी नाहीं. आहे तो नुसता रंगाचा पातळ थर. शिवाय शहाबादचा दगड इतका जुना आहे कीं, तो बनला तेव्हां पृथ्वीवर नेचा जन्मालाच आलेला नव्हता. ज्याचा जन्म व्हावयाचा आहे, त्याचें पान दगडांत कोठून येणार?

हें सर्व मला त्या दिवशीं ठाऊक नव्हतें. पस्तीस-एक वर्षांपूर्वीं आमच्या शाळेच्या नव्या खोलीची फरशी बसविण्याचें काम चाललें होतें. एक फुटका तुकडा मीं वर्गांत नेला, 'अश्मीभूत नेचा' असें फळ्यावर लिहिलें, आणि कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या अरण्यांचें वर्णन करूं लागलों. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडीलच ती फरशी बसवीत होते. तो म्हणाला, "गुरुजी, हें पान नाहीं. माझे वडील म्हणतात, फरशी चिरेवर फुटली कीं आंत असें झाड निघतें, दोन्ही बाजूंस सारखें. पाणी मुरून होतें तें." मीं म्हटलें, "अरे, तुझे वडील फरशी बसवितात. पुस्तकांत काय आहे तें मला ठाऊक आहे." वर्ग हंसला. मुलगा बसला. तुकडा चिठ्ठी लावून कपाटांत गेला आणि पुढें कित्येक वर्षें वर्गामागून वर्ग तो पाहत राहिले.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीं एका महाविद्यालयांतील भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक सहज शाळेंत आले होते. मीं मोठ्या अभिमानानें कपाट उघडलें. त्यांनीं खिशांतलें भिंग काढून मिनिटभर पाहिलें आणि फार हळुवारपणें मला खरें काय तें सांगितलें. त्या गवंड्यानें सांगितलें होतें, तेंच.

मीं त्या विद्यार्थ्याचा पत्ता काढला. आतां तो स्वतः बांधकामाचीं कामें घेतो. मी त्याच्या घरीं गेलों आणि म्हटलें, "तुझे वडील बरोबर होते, मी चुकलों होतों." तो हंसला नाहीं. थोडा वेळ थांबून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सांगितलेंत म्हणून मी तें पानच समजत आलों. माझ्या मुलांनाहि तसेंच सांगितलें. त्या दिवशीं घरीं गेल्यावर वडिलांनाहि म्हणालों होतों, तुम्हांला कांहीं कळत नाहीं." वडील आतां नाहींत.

बेरिंगरचा ग्रंथ छापील होता, म्हणून तो खोडून काढतां आला. मास्तराचा शब्द छापलेला नसतो. तो कोणाच्या घरीं किती काळ राहतो, याचा पत्ता लागत नाहीं. तो तुकडा मीं कपाटांतून काढून टाकला नाहीं. चिठ्ठी मात्र बदलली. तीवर आतां असें लिहिलें आहे: 'हा नेचा नव्हे. चिरेंत मुरलेल्या पाण्यानें केलेली मँगेनीजची आकृति. हें प्रथम एका गवंड्यानें सांगितलें.' आपल्या घरच्या मुलानें उद्यां एखादा दगड आणून 'हें काय?' असें विचारलें, तर उत्तर देण्याची घाई करूं नये. त्याला एक भिंग द्यावें. आणि मागच्या बाकावरून कोणी कांहीं म्हणत असेल, तर तें आधीं ऐकून घ्यावें.